खोटी पट्टी

माझ्या चुलतभावाचं शिरोलीत मशीनशॉप आहे. बोर्डावर मोठ्या अक्षरांत आडनाव आणि खाली बारीक अक्षरांत 'स्थापना १८९८'. शॉप त्यानं काढलं पंचवीस वर्षांपूर्वी, पण स्थापना पणजोबांच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कारखान्याची धरायची, असं घरात ठरलेलं. आजोबांच्या लेटरहेडवर १८९८ होतं, पणजोबांच्या नातवाच्या, म्हणजे आबांच्या, बिलबुकावर १८९८ होतं. मग २०२३ साली १२५ वर्षं होणार, तर छोटा कार्यक्रम करू, स्मरणिका काढू, असं निघालं. आमच्यात इतिहास शिकलेलं कुणी नाही. मी बँकेत ३१ वर्षं काढली, खातेवह्या वाचायची सवय आहे आणि निवृत्त होऊन रिकामी आहे, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं, आठ पानांचं काम. दोन महिन्यांत उरकेल.

कारखाना मी पाहिलाय, पण शेवटचा. मी सातवीत असताना तो बंद झाला. ओतकामाच्या दिवशी आम्हा मुलींना आत जायला बंदी, म्हणून समोरच्या कट्ट्यावर बसून बघायचो. सकाळपासून भट्टी भरणं चालायचं. तळाला कोकचा थर, त्यावर बिडाचे तुकडे आणि भंगार, मूठभर चुनखडी, परत कोक. दुपारनंतर ब्लोअर सुरू झाला की गल्लीत बोललेलं ऐकू यायचं नाही. मग कुणीतरी पहारीनं भट्टीच्या तोंडाची माती फोडायचं आणि नारिंगी रस पन्हळातून लॅडलमध्ये उतरायचा. ठिणग्या उडायच्या त्याचं कौतुक आम्हाला. माणसांच्या पायांत टायरच्या चपला असायच्या, हे मात्र मोठेपणी लक्षात आलं.

तर सुरुवात. स्मरणिकेला पहिलं पान हवं पणजोबांचं: फोटो, जन्म, मृत्यू. जन्माची नोंद मिळाली नाही. मृत्यूची नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात सापडली, १९४७ सालची. वय लिहिलं होतं ६२. बँकेतल्या माणसाचा हात आपोआप वजाबाकी करतो. जन्म १८८५. म्हणजे १८९८ साली कारखाना काढणारा गृहस्थ १३ वर्षांचा होता.

आबांना सांगितलं. आबा ८५ वर्षांचे आहेत, पण हरकतीला उत्तर तयार. "त्यांच्या वडिलांनी काढला असेल. नाव पोराचं लावलं असेल." शक्य होतं. पण पणजोबांचे वडील सुतार, उसाचे लाकडी घाणे करणारे, हे घरातच शंभरदा ऐकलं होतं. सुतारानं १८९८ साली कोल्हापुरात बिडाची भट्टी कशी पेटवली, हा प्रश्न काही जाईना.

कोल्हापूर म्हणजे संस्थान, याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. मी आधी मुंबईला एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन बसले होते. थॅकरची डिरेक्टरी, टाइम्सची डिरेक्टरी, जाडजूड खंड. मुंबईतले, पुण्यातले कारखाने पानंच्या पानं भरून. आमचा पत्ता नाही. नंतर ध्यानात आलं की आमच्यासारखे तिथे सापडणारच नव्हते. ब्रिटिश मुलखातला फॅक्टरी कायदा संस्थानात आपोआप लागू नव्हता, आणि असता तरी १८८१ च्या कायद्याला शंभर माणसं लागत, १८९१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास. आमच्याकडे भरात असताना अकरा होती. सरकारच्या दृष्टीनं असल्या भट्टीला अस्तित्वच नाही. जे काही असेल ते करवीर दरबाराच्या दप्तरात, आणि संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा त्या दप्तराच्या वाटण्या झालेल्या.

भूमापन कार्यालयातला अनुभव मी थोडक्यात आटपते. मालमत्ता पत्रक मिळालं, त्यात आजोबांच्या नावापासून पुढचं सगळं होतं. त्याआधीचं हवं असेल तर चौकशी नोंदवही बघा. चौकशी नोंदवही बघायची तर अर्ज करा. अर्ज केला तर "एवढं जुनं कशाला पायजे, केस हाय का?" केस नाही म्हटल्यावर समोरच्या माणसाचा रसच संपला. चार खेपा झाल्या. कुणी तिथे जाणार असेल तर एवढंच सांगते: इतिहास हा शब्द काढू नका. वारसा नोंदीसाठी म्हणा.

पुराभिलेखागारात मात्र उलट. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा कोल्हापुरात आहे, तिथे कापडात बांधलेले रुमाल समोर येतात आणि कुणी केस आहे का विचारत नाही. अडचण वेगळी: निम्म्याच्या वर कागद मोडीत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ मारून घेतो आणि मग बोरू न उचलता ओळभर चालत जातो. शब्द कुठे संपला हे ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक. मी वर्ग लावला, मुळाक्षरं गिरवली, 'श्री' आणि 'रुपये' ओळखता यायला लागले तेवढ्यात उत्साह संपला. शेवटी एका मोडी वाचकांना पानामागे पैसे देऊन बसवलं. सहा दिवसांनी एक कागद निघाला. पणजोबांनी दरबाराला केलेला अर्ज आणि त्यावरचा हुकूम, सन १९१३. 'बिडाची भट्टी घालणेस' जागा मिळावी. गावठाणात धुराचा उपद्रव होतो अशी शेजाऱ्यांची तक्रार असल्यानं बाहेरची जागा द्यावी, असा शेरा.

मला आनंद झाला. आबांना झाला नाही. "ही जागा बदलायची परवानगी आहे. भट्टी आधीच असणार. नाहीतर शेजारी तक्रार कशाची करतील?" आबांचा मुद्दा बरोबर होता. १९१३ च्या आधी भट्टी होती. पण किती आधी?

उत्तर घरातच होतं, माळ्यावर. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या पहिल्या मजल्याच्या पायरीला लागलं, तेव्हा घाईघाईनं जे सामान माळ्यावर फेकलं त्यात एक पत्र्याची पेटी होती. चार वर्षं ती कुणी उघडली नव्हती. आत रोजकिर्दी आणि खतावण्या, लाल कापडी बांधणीच्या, कडेला वाळवीनं नक्षी काढलेली. पुन्हा मोडी, पण हिशेबाची मोडी सोपी असते, तेच तेच शब्द येतात. आणि खतावणी कुठल्याही लिपीत असो, डावीकडे जमा उजवीकडे नावे, ही भाषा माझ्या हाडात आहे. इथे मी मोडी वाचकांच्या पुढे होते, असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या वह्यांत लोखंड नाहीच. बाभळीचे ओंडके, सुताराची मजुरी, घाण्याच्या लाटा (ऊस पिळणारे रूळ) बदलणं. लाकडी घाण्यातल्या लाटांना नवरा-नवरी म्हणत, तसंच लिहिलंय: 'नवरा नवा केला'. हसू आलं. मग हळूहळू एक नवं खातं उघडतं, 'चरक भाडे'. लोखंडी चरक. तीन उभ्या लाटा, वर दात्यांच्या चक्र्या, त्यावर लांब दांडा आणि दांड्याला बैल. लाकडी घाण्यापेक्षा रस जास्त निघतो, पण विकत घेणं शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेर, म्हणून गुऱ्हाळाच्या हंगामापुरता भाड्यानं. पणजोबा बाहेरून आणलेले चरक भाड्यानं फिरवत होते आणि दुरुस्त करत होते. ज्या यंत्रानं बापाचा घाण्याचा धंदा बुडवला, त्याच यंत्राचं भाडं पोरगा खात होता. गावात म्हणे आधी कुरकुर होती की लोखंडात रस गेला की गूळ काळा पडतो. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरालाही सुरुवातीला लोक भ्यायले होते, जमीन नासेल म्हणून. रस जास्त पडतो हे बघितल्यावर काळ्या गुळाची कुरकुर बंद झाली असावी, कारण भाड्याचं खातं दर वर्षी फुगत जातं.

आणि मग शके १८३४, परिधावी संवत्सर. कार्तिकात एक ओळ: 'बीड १ टन'. खाली कोक, भट्टीच्या विटा, पंखा. पंख्याला पुढे 'हाताचा' असं लिहिलंय, म्हणजे माणूस चाक फिरवायचा. त्याच पानावर हमाली दोनदा पडलीये, एकदा पुण्यात, एकदा कोल्हापुरात. आधी मला वाटलं चुकून दुबार नोंद. मग एका रेल्वेवाल्या शेजाऱ्यांनी सांगितलं की मुंबई-पुणे लाइन ब्रॉडगेज आणि पुणे-मिरज-कोल्हापूर मीटरगेज होती, १९७१ पर्यंत. माल पुण्यात एका वॅगनीतून दुसरीत हातानं चढवायचा. एक टन बीड, मणामणाच्या कांबी, पुण्याच्या यार्डात हमालांनी वाहिल्या त्याची ही पावती.

शके १८३४ म्हणजे १९१२. रेल्वे कोल्हापुरात आली १८९१ साली, त्याआधी बीड आणि कोक आणणं जवळजवळ अशक्यच होतं. १९१२ पटतं. शेजाऱ्यांची धुराची तक्रार, १९१३ चा हुकूम, सगळं ओळीनं बसतं. पणजोबा २७ वर्षांचे.

पण मग १८९८ आलं कुठून?

आबा म्हणाले, "चरकावर आहे की."

गावाकडच्या वाड्याच्या परसात आमचा एक जुना चरक पडलेला आहे. पणजोबांच्या हातचा पहिला, असं सगळे सांगतात. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते. त्याच्या उभ्या चौकटीवर उठावाच्या आकड्यांत खरोखरच 1898 आहे, इंग्रजी आकडे. आजोबांनी पन्नासच्या दशकात लेटरहेड छापलं तेव्हा तिथूनच साल उचललं, असं आत्यानं सांगितलं. बीड म्हणजे दगडावरची रेघ. वह्या खोट्या की चरक खोटा?

आमच्याकडे कारखाना बंद होईपर्यंत मोल्डर (वाळूचे साचे करणारे) असलेले एक मेस्त्री अजून आहेत, वय ऐंशीच्या पुढे. नजर अधू, पण बोटं शाबूत. भावानं गाडी काढली आणि त्यांना गावी नेलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं, मेस्त्री, हा चरक कधीचा ते सांगा. ते खाली बसले. चष्मा काढून खिशात ठेवला आणि आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसा चौकटीवरून हात फिरवला. आकड्यांवर आले, थांबले. आठाच्या पोकळीत करंगळीचं नख घालून बघितलं. मग आकड्यांच्या वर वीतभर मोकळी जागा होती तिथं तळवा ठेवला, परत आजूबाजूला, परत तिथं.

"ताई, इथं नाव हुतं."

"कुठं?"

"इथंच. पुसलंय. बाकीच्या अंगाला वाळूचा खरबरीतपणा हाय बघा, आन् हितं गुळगुळीत. थापी मारल्याली हाय. साच्यात उमटलेलं नाव वाळूनं भरून काढलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो पॅटर्नवरचा न्हाई. मालावर माल ओतलाय."

मालावर माल म्हणजे काय, ते त्यांनी मला तिथंच मातीत काडीनं काढून दाखवलं. नवी वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी पॅटर्न करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात. पण घाई असली किंवा पॅटर्न करणारा नसला, तर आयती ओतलेली वस्तूच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायची. स्वस्तात काम. त्यात दोन खोडी. एक, कडा बोथट होतात. आमच्या 1898 मधल्या दोन्ही आठांची पोटं निम्मी भरलेली होती, ती त्यामुळं. आणि दुसरी खोड म्हणजे बीड थंड होताना आक्रसतं, फुटामागं साधारण इंचाचा आठवा भाग. पॅटर्नमेकर तेवढं जास्त धरूनच पॅटर्न करतो. आयत्या मालाला ही सूट नसते. नक्कल असलपेक्षा जराशी लहान निघते, कायम.

"मापून बघा," मेस्त्री म्हणाले. "असल सापडला तर."

असल सापडायला पाच महिने लागले. गुऱ्हाळं चालतात त्या पट्ट्यातली गावं मी भावाच्या मागं स्कूटरवर बसून पालथी घातली. बहुतेक जुने चरक भंगारात गेलेले. दोन देवळाच्या आवारात, रंग मारून. एक शाळेच्या दारात झेंडावंदनाच्या चौथऱ्याला लागून, त्यावर मुलं बसून डबा खातात. पन्हाळ्याच्या वाटेवर एका मळ्यात विहिरीशेजारी जो मिळाला तो निम्मा मातीत होता. मालक म्हणाले, "न्या की, किलोवर देतो." भावानं खोऱ्यानं माती ओढली. तीच चौकट, तोच वरचा वळसा, तेच चार पाय. आणि तीच 1898, पण आकडे धारदार, आठाची पोटं रिकामी. वर, आमच्याकडे गुळगुळीत होतं त्याच वीतभर जागेत, दुसऱ्याच एका कारखान्याचं नाव इंग्रजीत. ते मी इथे लिहीत नाही, उगाच कुणाच्या वारसांना जुनं दुखणं नको.

मापायचं काय, हेही मेस्त्रींनी बजावून सांगितलं होतं. लाटांचा घेर मापू नका, लाटा लेथवर फिरवतात, झिजतात. ओतून आल्यावर ज्याला हत्यार लागलं नाही ते मापा. म्हणून खालच्या बैठकीतल्या दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. भोकं ओतताना साच्यात कोअर (वाळूचा गाभा) बसवूनच केलेली होती. मळ्यातला चरक: २४ इंच. टेप तसाच गुंडाळून आम्ही आमच्या परसात आलो. आमचा: पावणेचोवीस. चौकटीची उंची, पायांमधलं अंतर, सगळीकडे तोच हिशेब, फुटाला इंचाचा आठवा भाग कमी.

त्या संध्याकाळी मी आबांना काही बोलले नाही.

संस्थानात ब्रिटिश मुलखाचा पेटंट कायदा आपसूक चालत नव्हता, तेव्हा कुणी येऊन पणजोबांना धरलं नसतं. आणि तेव्हाच्या हिशेबानं ही चोरी म्हणायची की शिक्षण, मला अजून ठरवता आलेलं नाही. दुरुस्तीला आलेला चरक त्यांनी उघडला, पॅटर्न करणं येत नव्हतं, एकेक भाग वाळूत दाबला. नाव पुसायची अक्कल होती. साल राहून गेलं, किंवा मुद्दाम ठेवलं. गिऱ्हाइकाला जुनं साल दिसलं की भरवसा वाटतो, हे माझ्या भावाला आज कळतं तर त्यांना तेव्हा का कळू नये?

वह्या मी परत काढल्या, या वेळी काय शोधायचं ते माहीत असताना. आणि एक नोंद जी मी वर्षापूर्वी वाचून सोडून दिली होती, ती अंगावर आली. शके १८४१, सिद्धार्थी संवत्सर, म्हणजे १९१९-२०. त्याआधीची तीन वर्षं बिडाची खरेदीच नाही, महायुद्धात बाहेरचा माल थांबलेला. फुटकी भांडी, मोडके नांगर, 'भंगार' एवढंच वितळवलेलं. १८४१ मध्ये काम पुन्हा सुरू होतं आणि लगेच तक्रारी. 'चक्री परत आली. बसत नाही.' एकदा नाही, हंगामात चारदा. कारण उघड होतं. आमच्या चरकाचे सगळे भाग सारखेच आक्रसलेले, म्हणून एकमेकांत बसायचे. पण शेतकऱ्यानं बाजारातून असल कारखान्याची चक्री आणली, किंवा असल चरकाला आमची स्वस्तातली चक्री लावली, की दात्यात दाता जाईना. पावणेचोवीस आणि चोवीस यांचं भांडण बैलांच्या खुरांखाली चाललेलं.

त्याच वर्षी माघात: 'मुंबईहून बिडाची पट्टी १'.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बिडाची पट्टी म्हणजे लोखंडाची चपटी कांब समजले होते. एकच कांब मुंबईहून कोण मागवतं, एवढं मनात आलं होतं खरं. मेस्त्रींना फोन केला. ते हसायलाच लागले. "अवो ताई, पॅटर्नमेकरची फूटपट्टी ती! श्रिंकेज स्केल. तिच्यावरचा इंच मोठा असतोय. बघायला बारा इंच, पर भरतीय बारा आन् वर आठवा भाग. त्या पट्टीनं मापून लाकूड कापलं की आक्रसण्याचा हिशेब डोक्यात धरायला नगं."

फोन ठेवला आणि मला आत्याची गोष्ट आठवली. आमच्या घरात ती दर दिवाळीला होते. आत्या चौथीत होती, तिनं आजोबांच्या कपाटातली एक पिवळट लाकडी पट्टी शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला तिची प्रत्येक रेघ चुकली. बाईंनी दुसरी पट्टी लावून बघितली, हिची सहा इंचांची रेघ जराशी लांब. परत काढ. परत तेच. वर्गासमोर हातावर छड्या. आत्या आज ८८ वर्षांची आहे आणि अजून म्हणते, "खोटी पट्टी होती ती, आणि मार मला."

"आत्या, ती पट्टी कुठंय?"

"आहे की. शिवणाच्या डब्यात. काज मापायला बरी पडते."

डब्यात धाग्याच्या रिळांखाली, खडू आणि बटणांच्या मधे ती होती. पितळी टोकं, मधे घडी पडणारी, बर्मिंगहॅमचा शिक्का. शेजारी माझी स्टीलची पट्टी लावली. शून्याला शून्य जुळवलं. तीन इंचांवर काही दिसत नव्हतं. सहावर केसभर. बाराच्या रेघेपाशी दोन्ही पट्ट्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी फट. आत्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "म्हणजे खोटी नव्हती," ती म्हणाली. "लोखंडासाठी खरी होती." मग थोड्या वेळानं: "त्या बाई गेल्या पण आता."

पट्टी आल्यानंतरचं वहीत दिसतं. सागवान खरेदी, 'पॅटर्न' हा शब्द मोडीत पहिल्यांदा, बापाच्या वेळचे सुतार पुन्हा मजुरीवर. घाणे करणारे हात पॅटर्न करायला लागले. देवळाच्या आवारातल्या दोन चरकांपैकी एक आमचा निघाला, ऑइलपेंटच्या चार थरांखाली आमचं आडनाव देवनागरीत. साल नाही. भोकांमधलं अंतर मापताना पुजारी विचारत होते, कसली मोजणी, रस्ता रुंद होतोय का? बरोबर चोवीस इंच भरलं. भावानं टेप दोनदा लावला.

आता आबांना सांगणं भाग होतं. मी सगळं घेऊन बसले: वह्यांच्या झेरॉक्सा, मापांचा कागद, पट्टी. आबांनी मधे एकदाही तोडलं नाही, हेच भीतीचं होतं. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे माझ्या आज्यानं चोरून काढला."

मी म्हटलं, सुरुवातीचे चोरून, नंतरचे नाही.

दोन दिवस ते माझ्याशी जेवणापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून पट्टी मागितली. स्वतःच्या हातानं स्टीलच्या पट्टीशेजारी लावली, उजेडात धरली. "कारखान्यात पोरं ठेवायच्या आधी मी हेच विचारायचो," ते म्हणाले. "चोवीस इंचाची बैठक हवी तर पॅटर्न किती इंचाचा? जो चोवीस म्हणाला त्याला ठेवला नाही." ही परीक्षा मला आधी माहीत नव्हती. मी म्हटलं, मग पणजोबांना ठेवलं नसतं तुम्ही.

"१९१२ साली नसतं ठेवलं. वीस साली ठेवलं असतं."

बोर्डाचं काय करायचं यावर भाऊ अजून विचार करतोय. व्हिजिटिंग कार्डं, वेबसाइट, बिलाचे मथळे, सगळीकडे १८९८ आहे, आणि गिऱ्हाइकं कुठे टेप घेऊन येतात, असं त्याचं म्हणणं. स्मरणिका रद्द झाली. हॉलचे आगाऊ दिलेले पैसे निम्मे परत मिळाले. मळ्यातला असल चरक भावानं किलोवर न घेता ठोक घेतला आणि परसात आमच्या नकलेशेजारी आणून उभा केला. दोघं शेजारी ठेवल्यावर पाव इंच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आबा काठी टेकत येऊन दोघांच्या मधे उभे राहिले. बोटांवर हिशेब केला.

"बारा आणि सव्वाशे. दोन हजार सदतीस," ते म्हणाले. "हॉल आत्ताच नको. पण दोघांना रेड ऑक्साइड मारून ठेवा, तोवर गंज खाईल."